जुन्या गाडीचे चिवट डाग पॉलिशने काढताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की नाशिकमध्ये घरोघरी गाड्या धुऊन-पुसून लख्ख केल्या जातात, आणि दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीचे मालक त्याच आठवड्यात रबिंग कंपाउंडची, म्हणजे रंग घासणाऱ्या खरखरीत पेस्टची, डबी घेऊन बॉनेटवरच्या डागांमागे लागतात. डाग हलला नाही की हाताचा दाब वाढवायचा, तरीही हलला नाही की मशीन लावायचे, हा बहुतेकांचा क्रम असतो आणि नुकसानीची सुरुवात तिथेच होते. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. पॉलिश करणे म्हणजे याच थराचा थोडा भाग घासून काढणे. गेलेला थर परत येत नाही, म्हणून डाग कशाचा आहे हे ओळखण्याआधी घासायला घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. इंदिरानगरमध्ये झाडाखाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीच्या बॉनेटवर, अगदी कडेजवळ, पक्ष्याची विष्ठा मे महिन्यात दोन-तीन दिवस तशीच राहिली होती. धुतल्यावर रुपयाच्या नाण्याएवढा, सुरकुतल्यासारखा डाग उरला. मी जाड कंपाउंड घेऊन बराच वेळ घासले. डाग थोडा फिकट झाला, पण त्याच्या शेजारी बॉनेटच्या धारेवर मॅट दिसणारी एक रेघ उमटली. तिथला क्लिअर कोट संपला होता. धारांवर आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि घासण्याचा सगळा जोर तिथेच एकवटतो. त्यामुळे अशा कडांवर आधी मास्किंग टेप लावावी, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते.

डाग रंगाच्या वर बसला आहे, रंगात उतरला आहे की रंगाचा थरच बिघडला आहे, हे आधी ठरवावे. गाडी धुऊन वाळल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटे हलकेच फिरवावीत. खरखर जाणवली तर काहीतरी वर चिकटलेले आहे आणि ते पॉलिशचे काम नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या हलक्या रंगाच्या गाड्यांवर जे बारीक तांबूस ठिपके दिसतात, ते पुष्कळदा ग्राइंडिंगमधून उडालेल्या लोखंडी कणांचे असतात. त्यांवर आयर्न रिमूव्हर मारला की कण विरघळताना जांभळा ओघळ येतो. नंतर भरपूर पाण्याने धुऊन, शांपूच्या पाण्याने पृष्ठभाग सतत ओला ठेवत क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा तुकडा, फिरवावा. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यावा, कारण त्यात रुतलेला एक खडा साऱ्या दारावर चरे ओढतो. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर आणि झाडाच्या चिकाला कापडावर घेतलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. नखाने खरवडू नये.

बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन ती उन्हात वाळू देणाऱ्यांकडे पांढऱ्या कड्यांचे डाग हमखास आढळतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन ओले कापड एक-दोन मिनिटे डागावर ठेवावे आणि लगेच धुवावे. तरीही कडे राहिले तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्ला आहे असे समजावे. मगच पॉलिशकडे वळावे. पूजेच्या हळदीचा डाग मात्र वेगळा. जुन्या, निस्तेज पांढऱ्या रंगात हळद मुरते आणि लोक ती घासत बसतात, पण हळदीचा पिवळा रंग उन्हात आपोआप फिका पडतो. गाडी काही दिवस उन्हात उभी ठेवावी, इतकेच.

रंगाचा थरच बिघडला असेल तर घासून काहीही साधत नाही. छतावर किंवा बॉनेटवर नकाशासारख्या कडा असलेले पांढरट पट्टे दिसत असतील आणि त्यांची कड बोटाला लागत असेल, तर क्लिअर कोट सुटू लागला आहे. मशीन लावल्यास तो अधिकच सोलला जातो. फुगे आले असतील तर बहुधा खाली गंज आहे. या दोन्हींना डेंटिंग-पेंटिंगशिवाय उपाय नाही, आणि ग्राहकाला वाईट वाटले तरी कारागिराने हे आधीच स्पष्ट सांगायला हवे.

आणखी एक घोटाळा जुन्या गाड्यांत नेहमी होतो. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या कित्येक जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतोच. एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडे पॉलिश घासून पाहावे. कापडावर गाडीचा रंग उतरला तर रंग एकाच थराचा आहे. शिवाय एखादा पत्रा पूर्वी लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून पुन्हा रंगवलेला असू शकतो. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्रावर शेजारच्या पत्र्यांपेक्षा तिथे बराच मोठा आकडा येतो, पण म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण तो आकडा मुख्यतः त्या पुट्टीचा असतो.

प्रत्यक्ष काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळते आणि पॅड कोरडे घासू लागते. वीतभर चौकोनात आधी मऊ पॅड आणि बारीक पॉलिश वापरून पाहावे, भागले नाही तरच जाड कंपाउंड घ्यावे. नवशिक्याने पॅड एकाच जागी गोल फिरवणाऱ्या रोटरीऐवजी, पॅड फिरता फिरता डोलवणारे ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरावे. पॅडमध्ये साचलेला लगदा दर वेळी ब्रशने काढावा, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर मशीन एका जागी थांबवू नये, कारण प्लॅस्टिक उष्णता पसरवत नाही आणि रंग जळतो. शेवटी तो चौकोन पाण्यात पातळ केलेल्या अल्कोहोलने पुसून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावा. अनेक पॉलिशमधले तेल चरे झाकून ठेवते. ते पुसले गेल्यावर जे दिसते, तेच खरे काम.

नखाला अडकणारा चरा किंवा खोल उतरलेला खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासू नये. त्याच्या कडा मवाळ झाल्या, दोन हातांवरून तो नजरेत भरेनासा झाला की थांबावे आणि वॅक्स लावावे. माझ्या बॉनेटवरचा डाग आजही आहे. आता डिकीत पाण्याची बाटली आणि मऊ कापड कायम असते. विष्ठा दिसली की ओले कापड पाच-दहा मिनिटे वर ठेवतो, ती भिजून सुटली की न रगडता उचलून घेतो.