महिनाअखेरच्या आधी चेकपॉइंट ग्रुपची तयारी

एसएपीमधला महिनाअखेरचा पेमेंट रन (देणी एकदम चुकती करणारा जॉब) रात्री अडकला की एबॅपवाल्याचा, म्हणजे एसएपीच्या एबॅप भाषेत कोड लिहिणाऱ्याचा, फोन वाजतो. अशा वेळी कोड बदलायला जावं, तर नवी ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट (बदल चालू सिस्टिमवर नेण्यासाठीची), टेस्टिंग आणि मंजुरी यातच पहाट होते. त्यापेक्षा चेकपॉइंट ग्रुप हाताशी ठेवा: कोडमध्ये आधीच पेरलेल्या तपासणीच्या खुणांचा हा गट कोड न बदलता चालू-बंद करता येतो. म्हणून ही कामं आठवडाभर आधी उरका.

कोडमध्ये नुसता ब्रेक-पॉइंट (कोड तिथेच थांबवून डीबगर, म्हणजे तपासणीचं साधन, उघडणारी खूण) राहिला असेल तर तो काढा. तो कायम चालूच असतो. चेकपॉइंट ग्रुपला जोडलेला मात्र कुणी चालू करेपर्यंत गप्प बसतो. ग्रुप एसएएबी ट्रान्झॅक्शनमध्ये बनवा आणि त्याला विषयावरून नाव द्या. तिकिटाच्या नंबरावरून दिलेलं नाव तिकीट बंद झाल्यावर कुणालाच उमगत नाही.

रात्रीच्या जॉबसाठी खरा आधार लॉग-पॉइंटचाच (कोड न थांबवता लॉगमध्ये नोंद करणारी खूण), कारण बॅकग्राउंडमध्ये डीबगर उघडायला समोर कुणी नसतं. त्यात सबकी, म्हणजे नोंदी वेगवेगळ्या ठेवणारी ओळखखूण, लिहायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो. सकाळी लॉग उघडला तर सगळ्या रनची एकच ओळ, मोजणी हजारोंत आणि नोंदलेली माहिती फक्त शेवटच्या डॉक्युमेंटची! जे डॉक्युमेंट अडकलं होतं त्याचा मागमूसही नव्हता. तेव्हापासून सबकीत डॉक्युमेंट नंबर टाकतो. प्रत्येकाची वेगळी नोंद राहते. लॉग-पॉइंटच्या फील्डमध्ये बँक खात्याचा नंबर मात्र टाकू नका. लॉग इतरही वाचतात.

ग्रुपमध्ये असर्ट (एखादी अट खरी आहे का ते तपासणाऱ्या खुणा) असतील तर त्यांची रीत आधीच ठरवा. अबॉर्ट ठेवलं आणि अट मोडली की थेट डम्प पडतो, म्हणजे प्रोग्रॅम चुकीचा अहवाल टाकून बंद पडतो. चालू पेमेंट रनमध्ये मी तरी लॉगच ठेवतो.

पेमेंट, कर, बँक फाइल असे ग्रुप ऐन वेळी एकेक करून चालू करत बसू नका. कोणता ग्रुप कोणत्या रीतीने चालवायचा, हे सगळं एका अ‍ॅक्टिव्हेशन व्हेरियंटमध्ये जपून ठेवता येतं. पुढच्या महिन्यात तोच उघडायचा. सोबत दोन ओळींची टीप ठेवा, म्हणजे तुम्ही रजेवर असलात तरी शेजारचा सहकारी तो चालू करू शकेल.

सगळ्यात जास्त चूक होते ती युजरची. जॉब टेक्निकल युजरच्या (माणसाच्या नव्हे, जॉबसाठीच बनवलेल्या खात्याच्या) नावाने धावतो आणि आपण अ‍ॅक्टिव्हेशन स्वतःच्या नावावर करून बसतो. मग लॉग कोराच. योग्य युजर किंवा सर्व्हर निवडा, मुदत तपासा आणि लागणारे अधिकार बेसिसवाल्यांकडून (एसएपी सिस्टिम सांभाळणाऱ्यांकडून) आधीच मागून घ्या. मग क्वालिटी (चाचणीच्या) सिस्टिममध्ये त्याच युजरने जॉब एकदा चालवा आणि लॉगचा टॅब उघडून डॉक्युमेंट नंबर दिसतोय का ते डोळ्यांनी पाहा.