मदरबोर्डवर रेड लावताय? या चुका टाळा

ऐन पावसाळ्यात खानापूरच्या एका फोटो स्टुडिओतून फोन आला. "दादा, डी ड्राइव्ह गायब झालाय. विंडोज विचारतंय, डिस्क इनिशियलाइज करू काय म्हणून." मी म्हटलं, "आधी माउसवरचा हात काढा आणि मशीन बंद करा." पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. मग हळूच, "एका डिस्कला करून बघितलं की ओ."

चार डिस्कचा रेड ५ होता, म्हणजे अनेक डिस्क जोडून मशीनला एकच मोठी डिस्क दाखवणारी रचना, आणि त्यात अख्ख्या लग्नसराईचं शूटिंग. बेळगावातून निघून तिथं पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. मशीन उघडलं तर डिस्क चारही ठणठणीत. बिघाड होता तो रुपयाएवढ्या एका सेलचा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल जुना झाला होता. जांबोटी-खानापूर पट्ट्यात पाऊस लागला की वीज कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, आणि तेवढ्या काळात बायोसच्या, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. वीज आल्यावर बायोसनं सॅटा मोड (डिस्क कशा ओळखायच्या याची सेटिंग) स्वतःहून 'एएचसीआय', म्हणजे सुट्या डिस्कचा, धरला. रेड मोडलेला नव्हता. बोर्डानं त्या चार डिस्कना एक समजणं सोडलं होतं, एवढंच.

अशा वेळी करायचं ते फार थोडं असतं. बायोसमध्ये जायचं, सॅटा मोड परत 'रेड' करायचा, सेव्ह करून बाहेर पडायचं. बहुतेक वेळा ॲरे (जोडलेल्या डिस्कचा गट) जसाच्या तसा परत उभा राहतो. पण इनिशियलाइज दाबलं की विंडोज डिस्कवर नवा पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, लिहितो. त्यातला जीपीटी हा प्रकार निवडला असेल तर त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटी जाते. इंटेलच्या बोर्डांवर रेडची स्वतःची माहितीही डिस्कच्या शेवटीच असते, त्यामुळे ती पुसली जाते. स्टुडिओवाले एका डिस्कवर थांबले म्हणून वाचले, कारण रेड ५ एक डिस्क नसली तरी चालतो. आम्ही आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला आणि मगच ती चौथी डिस्क रिबिल्डला लावली, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिच्यावरचा डेटा परत लिहायला. दुसऱ्या डिस्कवरही तेच बटण दाबलं असतं, तर मी हात टेकले असते.

दोन डिस्कचा रेड १ (दोन्हीवर तोच डेटा, आरशासारखा) असेल तर याहून फसवा प्रकार होतो. मोड बदलला की दोन्ही डिस्क साध्या डिस्कसारख्या दिसू शकतात, फाइलीही उघडतात, म्हणून माणूस काम चालू ठेवतो. आठवड्याभरानं मोड परत रेड केला की दोन डिस्कवर दोन वेगळे डेटा असतात. ताजा कुठला, हे बोर्डाला कळत नाही.

लावतानाच्या चुका

मदरबोर्डवरच्या रेडला वेगळा कंट्रोलर नसतो. बायोस ॲरे ओळखतो, पुढचं सगळं काम ड्रायव्हर आणि प्रोसेसर करतात. म्हणून ड्रायव्हर नसेल तर रेड दिसतच नाही. नवं विंडोज टाकताना "डिस्क दिसत नाही" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून रेडचा ड्रायव्हर उतरवा, झिप उघडून आतलं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका, आणि इन्स्टॉल करताना 'लोड ड्रायव्हर' मधून ते दाखवा. नुसती सेटअपची ईएक्सई फाइल तिथं उपयोगाची नाही, आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर लागतं.

उलटी चूकही होते. विंडोज आधीच एएचसीआयवर टाकलेलं असतं, कोणीतरी बायोसमध्ये मोड रेड करतो आणि निळा स्क्रीन येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लगेच विंडोज फॉरमॅट करू नका. मोड परत एएचसीआय करा, मशीन चालू होईल. मग एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड रेड करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, आणि मग सेफ बूट काढा. बऱ्याच मशीनवर एवढ्यानं भागतं.

ॲरे बनवताना त्यात घेतलेल्या डिस्कवरचं सगळं जातं, हे बायोस सांगतो, पण कोणी वाचत नाही. डेटा भरलेली डिस्क आणि नवी कोरी डिस्क जोडून "आता आरसा होईल" असं समजणारे दरवर्षी एक-दोन तरी भेटतात.

चारपैकी दोनच डिस्क दिसत असतील तर केबल बदलत बसण्याआधी मॅन्युअल उघडा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की ठराविक सॅटा पोर्ट बंद पडतात. निपाणीच्या एका डीटीपीवाल्यांनी यापायी तीन केबली बदलल्या होत्या. मॅन्युअलात तो एक तक्ता असतो, तेवढा वाचला की पाच मिनिटांचं काम.

डिस्क घेताना एकाच मापाच्या घ्या. तीन डिस्क ४ टीबीच्या आणि एक २ टीबीची असा रेड ५ केला, तर सगळ्याच २ टीबीच्या धरल्या जातात आणि हातात ६ टीबी उरतं. 'एसएमआर' तंत्राच्या (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्क रेडला घेऊ नका. रिबिल्डच्या वेळी सलग लिहायची पाळी आली की त्या रांगायला लागतात. 'सीएमआर' (पट्ट्या वेगवेगळ्या लिहिणाऱ्या) घ्या, जमलं तर नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवण-पेटीसाठी बनवलेल्या. खराब सेक्टर वाचताना साधी डेस्कटॉप डिस्क कितीतरी वेळ प्रयत्न करत बसते, आणि तेवढ्यात बोर्ड ती मेली असं समजून तिला ॲरेबाहेर काढू शकतो. नॅसची डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडते.

कुठला रेड

४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ० (डेटा सगळ्यांवर वाटलेला, जादा प्रत नाही) मध्ये १६ टीबी मिळतं, रेड ५ मध्ये १२ आणि रेड १० (आरशाच्या जोड्यांवर वाटलेला डेटा) मध्ये ८. रेड ० म्हणजे एक गेली की चारही गेल्या. तो शूटिंग साठवायला नकोच. आपल्याकडच्या विजेचा लपंडाव बघता मदरबोर्डवर मी रेड ५ सुद्धा कोणाला सुचवत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा आणि पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशोब) यांचा मेळ तुटू शकतो, आणि तो तुटल्याचं डिस्क मरेपर्यंत कळतही नाही. जागा कमी मिळाली तरी चालेल, रेड १० लावा. दोनच डिस्क असतील तर रेड १.

यूपीएस लागतोच. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचं बटण साध्या मोडवर असेल तर वीज गेली की मशीन रीस्टार्ट होतं. आणि यूपीएस नसताना 'राइट-बॅक कॅश' (डेटा आधी मेमरीत ठेवून मागाहून डिस्कवर लिहिणं) चालू करू नका, वेग कितीही दिसला तरी.

डिस्क खरोखर गेली तर

घाईत चांगली डिस्क काढली जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सॉफ्टवेअर सांगत होतं, पोर्ट २ खराब. बोर्डावर छापलेल्या 'सॅटा २' ची डिस्क काढली गेली. पण सॉफ्टवेअर शून्यापासून मोजत होतं, खराब डिस्क होती 'सॅटा ३' वर. त्यानंतर मी ॲरे बनवतानाच प्रत्येक डिस्कच्या कडेला सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करनं लिहितो आणि डिस्क काढताना फक्त त्यावरच विश्वास ठेवतो.

४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं भरली तरी रिबिल्डला साडेसात तास लागतात, मशीनवर काम चालू असेल तर कितीतरी जास्त. तेवढा वेळ एडिटिंग बंद ठेवा. आणि त्याआधी महत्त्वाचं बाहेर कॉपी करा, कारण बाकीच्या डिस्कही तेवढ्याच जुन्या आहेत.

चुकून डिलीट केलेलं फोल्डर रेडमध्ये सगळीकडून एकदम जातं. व्हायरसनं लॉक केलेल्या फाइलींचंही तेच. म्हणून एक वेगळी डिस्क ठेवा, आठवड्याला कॉपी करा आणि ती दुकानात न ठेवता घरी न्या.

नवा ॲरे तयार झाला की लगेच डेटा भरू नका. बायोसच्या स्टोरेज पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि सेल बदलल्याची तारीख कॅबिनेटच्या आत चिकटवा. मग मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि चालू करा. 'डिग्रेडेड' (एक डिस्क कमी आहे) असं दिसतंय का, त्यातल्या फाइली उघडतात का, हे बघा. परत बंद करा, केबल लावा, आणि रिबिल्ड शून्य टक्क्यांपासून शंभरापर्यंत जाऊ द्या. एवढं झालं की पहिलं लग्न त्यावर कॉपी करा.