बंट पडला, पण फर्स्ट बेसवर कोण? लहान संघाला बंट अडवायला शिकवताना

सॉफ्टबॉलमध्ये बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवून जवळच पाडणं म्हणजे बंट. तो अडवण्याचा सराव बहुतेक मैदानांवर असा चालतो. कोच होमप्लेटजवळून, म्हणजे बॅटरच्या जागेवरून, हाताने चेंडू घरंगळवतो, थर्ड बेसची मुलगी धावत येते, उघड्या हाताने चेंडू उचलून फर्स्टकडे फेकते, आणि फर्स्टवर आधीपासून उभी असलेली मुलगी तो झेलते. शाब्बास, पुढची या. सामन्यात मात्र फर्स्टवर कोणीच नसतं, कारण फर्स्टची मुलगीही बंटवर पुढे धावलेली असते. थ्रो सुंदर जातो आणि थेट राइट फील्डच्या कुंपणाला लागतो.

इंदूरमध्ये चिमणबागेत शिकवा की शाळेच्या मैदानावर, मुलींना झेल-फेक येते आणि कोण कुठे उभं राहतं हे ठाऊक आहे, असं मी धरून चालते. फर्स्ट, थर्ड आणि चेंडू टाकणारी पिचर यांना फेसमास्क हवाच. पालक खर्चाची कुरकुर करतील, करू द्या.

ओळखणं. बॅटरचा वरचा हात बॅटवरून पुढे सरकला की जिला आधी दिसेल तिने "बंट!" ओरडायचं.

पुढे येणं. बेस 60 फुटांवर, म्हणजे 18.29 मीटरवर असतात. फर्स्ट आणि थर्डच्या मुलींनी बंटची शक्यता असताना बेसच्या चार-पाच पावलं पुढेच उभं राहावं आणि आरोळीबरोबर पुढे यावं. पण बॅटला चेंडू लागायच्या क्षणी पाय थांबलेले आणि अंग खाली हवं. काही बॅटर बंट दाखवून बॅट मागे खेचतात आणि जोरात फिरवतात. आंधळी धावत आलेली मुलगी तेव्हा बॅटपासून फारच जवळ असते. फेसमास्कचा हट्ट त्यासाठीच.

चेंडू कोणाचा. होमप्लेटसमोर थांबलेला चेंडू कॅचरचा, म्हणजे प्लेटमागे बसणारीचा. डावीकडचा थर्डचा, अगदी पिचरच्या पुढ्यातला असला तरी, कारण थर्डची मुलगी फर्स्टच्या दिशेनेच धावत येत असते. उजवीकडचा फर्स्टचा, आणि सरळ परत आलेला पिचरचा. उचलायचा ग्लोव्ह आणि हात दोन्ही लावून. उघड्या हाताने फक्त थांबलेला चेंडू उचलावा. क्रिकेट खेळून आलेल्या मुली हमखास धावता धावता एका हाताने चेंडू टिपायला जातात आणि तो हातातून निसटतो.

आता फर्स्ट बेस. लहान संघ बंटवर हरतात ते इथे, आणि नेमकं हेच कोणी शिकवत नाही.

फर्स्टची मुलगी पुढे गेली की बेस सेकंड बेसच्या मुलीने सांभाळायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात बंट पडतो आणि ती आधी दोन पावलं चेंडूकडे टाकते, कारण या वयात सगळ्याच चेंडूकडे ओढल्या जातात. मग आठवण होऊन वळते आणि मान चेंडूकडे ठेवून तिरकी धावत सुटते. बरी धावणारी मुलगी होमवरून फर्स्ट साडेतीन-चार सेकंदांत गाठते. त्यामुळे रनर, थ्रो आणि आपली मुलगी एकाच वेळी बेसवर पोहोचतात. अशा वेळी आउट तर मिळत नाहीच, उलट कोणाचं तरी नाक फुटतं.

यावर सेकंडला मुली बदलून बघू नका. तिथे संघातली सगळ्यात चपळ मुलगी आणली तरी ती उशिराच पोहोचते. उशीर पायांमुळे होत नाही, नजरेमुळे होतो, आणि हे उमगायला मला फार वेळ लागला. "बंट!" ऐकलं की तिने चेंडू विसरायचा. नजर बेसवर ठेवून सरळ धावायचं, बेसला पाय लागल्यावरच मान वळवायची. चेंडू कोणी उचलला हे तिला वाटेत कळायची काही गरज नाही.

शिवाय बंटची शक्यता दिसली की पिच पडायच्या आधीच तिला तीन-चार पावलं फर्स्टकडे सरकवा. कोणीतरी म्हणेलच, "मग त्या मोकळ्या जागेतून हिट गेली तर?" गेली तर गेली. दोन्ही गोष्टी एकदम झाकायला गेलात तर दोन्ही उघड्या पडतील.

पोहोचल्यावर पाय बेसच्या मैदानाकडच्या कडेला, छाती चेंडूकडे, ग्लोव्ह रेषेच्या आत. दुहेरी बेस असेल तर आपला पांढरा, रनरचा रंगीत. पाय ताणून उभं राहायची घाई नको, थ्रो कुठे येतोय ते दिसल्यावर ताणावा. थ्रो रनरच्या पाठीवरून येऊ नये म्हणून फेकणारीनेही रेषेच्या आतच फेकायचं. इथेही क्रिकेटची सवय नडते. या मुली स्टंपवर मारावं तसं बेसवर, जमिनीलगत फेकतात. छातीवर फेकायला लावा, आणि रोज लावा.

बेसवर कोणी पोहोचलेलं नसेल तर चेंडू हातातच ठेवायचा. हे शिकवायला सगळ्यात अवघड, कारण कुंपणाबाहेरून अर्धा डझन पालक "फेक, फेक!" ओरडत असतात. फर्स्टवर एक रनर परवडतो. राइट फील्डमध्ये चेंडू आणि थर्डवर रनर परवडत नाही. राइट फील्डची मुलगी "बंट!" ऐकताच फर्स्टच्या मागे धावलीच पाहिजे.

सराव आधी चेंडूशिवाय करा. मी नुसतं "बंट!" ओरडते आणि नऊजणी कुठे जाऊन थांबतात ते बघते. मुली कंटाळल्या की होमवर रनर उभी करते आणि सेकंडच्या मुलीशी फर्स्टपर्यंत शर्यत लावते. चेंडू त्यानंतर येतो. तोही हाताने घरंगळवलेला, कारण या वयातल्या मुलींना नेमका बंट मारता येत नाही आणि निम्मा सराव फाउल, म्हणजे रेषेबाहेर गेलेले, चेंडू गोळा करण्यात जातो.

कोणता बेस. कॅचरने सांगायचं, सगळं मैदान तिच्यासमोर असतं. आमच्या मुली घरी मराठी आणि मैदानावर हिंदी बोलतात. लांबून "दोन" आणि "तीन" सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही "एक, दो, तीन, होम" ठेवलंय. "पुढचा रनर आधी मारा", म्हणजे होमच्या जास्त जवळ पोहोचलेली रनर आधी आउट करा, हा सल्ला 14 वर्षांखालच्या संघाला देऊ नका. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या सॉफ्टबॉल अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला 2-0 हरवलं. तो सामना जरूर दाखवा, पण त्या वेगाचा थ्रो आपल्या मुलींकडून मागू नका. फर्स्टवरचा पक्का आउट घ्या. अपवाद एकच: चेंडू पिचरकडे जोरात गेला आणि रनर अजून अर्ध्या वाटेत आहे.

आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते, तेव्हा बंट लांब घरंगळतो आणि असा मौका जास्त वेळा मिळतो. पावसानंतर चेंडू जागीच बसतो आणि बरीचशी कामं कॅचरकडे जातात.

रनर असताना. फर्स्टवर रनर असेल तर शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधली मुलगी, सेकंडला जाते. थर्डच्या मुलीने चेंडू उचलला तर थर्ड रिकामा राहतो आणि हुशार रनर न थांबता तिथवर जाते. मी कॅचरला थर्डकडे पळवते आणि पिचरला होमवर उभी करते. काही कोच लेफ्ट फील्डला आत आणतात, तेही चालतं. काय ते एकच ठरवा. सेकंडवर रनर असेल तर शॉर्टस्टॉप थर्डला.

दोन स्ट्राइकनंतर बंट फाउल गेला तर बॅटर आउट होते, त्यामुळे फर्स्ट आणि थर्डच्या दोघींना एक-दोन पावलं मागे घ्या. हवेत उडालेला बंट मुद्दाम पाडायचा नाही, ते नियमात बसत नाही. सरळ झेला आणि लगेच फर्स्टकडे बघा, रनर बहुधा बेस सोडून बरीच पुढे गेलेली असते.

थर्डवर रनर असताना बंट आला तर होमवर एकच नजर टाकायची. रनर थांबली असेल तर फर्स्टला फेका. ती आधीच घरात घुसली असेल, तरीही फर्स्टलाच.