दिवाळीच्या गिफ्टसाठी खणाची पोटली

दिवाळीत ड्रायफ्रूट द्यायला बाजारातला बॉक्स घेण्यापेक्षा घरात पडलेल्या ब्लाऊजपीसची पोटली शिवा, पाव किलो काजू आरामात बसतात. खणाचा एक तुकडा 8 बाय 18 इंच आणि तेवढंच कॉटनचं अस्तर, बस. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून आधी फक्त आखूड कडा शिवायच्या, मग कापड असं सरकवायचं की त्या दोन शिवणी बरोब्बर एकावर एक येतील, एकीकडे खण दुसरीकडे अस्तर, आणि आता लांब बाजू शिवायच्या. पण इथेच घाई नडते, कारण खणाच्या दोन्ही बाजूंना तोंडापासून, म्हणजे खण-अस्तर जोडलेल्या शिवणीपासून, दीड इंचावर अर्धा इंच जागा नाडीसाठी सोडायची असते आणि अस्तराला 3 इंच उलटवायला. मी पहिल्यांदा नाडीची जागा विसरले, सगळं उसवलं, आणि खणाचे धागे असे सुटतात ना की शिवणच खाली सरकली, त्यामुळे शिवणीबाहेर अर्धा इंच माया (जास्तीचं कापड) ठेवाच.

उलटवून अस्तराचं भोक बंद करा आणि त्या सोडलेल्या जागेच्या वर-खाली गोल टीप मारा, झाला नेफा. नाड्या दोन घ्या, एक डावीकडून घालून पूर्ण फिरवून डावीकडेच काढायची, दुसरी उजवीकडून, तरच तोंड नीट आवळतं.

मोरांचा काठ असेल तर मात्र एकच तुकडा दुमडू नका, मागचे मोर डोक्यावर उभे राहतात 😄 तिथे दोन वेगळे तुकडे तळाशी जोडा. आणि चिवडा द्यायचा असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तेलाचा डाग खणावरून सहजासहजी जात नाही.