बोअरच्या जड पाण्यात रेनबोफिश कसे पाळावेत, पिल्लं कशी काढावीत

मराठवाड्यात बोअरचं पाणी जड. काचेवर पांढरे डाग पडतात आणि मऊ पाण्यातले नाजूक मासे टिकत नाहीत. त्या पाण्याशी झगडत बसण्यापेक्षा त्यात रमणारा मासा आणावा. बोसेमनी रेनबो हा अर्धा निळा, अर्धा नारिंगी मासा इंडोनेशियातल्या पापुआच्या पश्चिम भागातल्या आयामारू तलावांचा. तो मुलूख चुनखडीचा, त्यामुळे आपलं पाणी त्याला परकं वाटत नाही.

टाकी चार फुटी घ्या. नर चार इंचांपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. सहा ते आठ मासे एकत्र ठेवा, त्यात माद्या जास्त. जागा कमी असेल तर अडीच इंचांचा प्रीकॉक्स हा छोटा रेनबो तीन फुटी टाकीत मावतो. हे मासे उडी मारतात, म्हणून वर झाकण किंवा जाळी हवीच. दुकानातली पिल्लं करडी दिसतात म्हणून नाकारू नका, खरा रंग चढायला वर्ष लागतं.

मासे आणण्याआधी स्पंज फिल्टर महिनाभर चालवा. रोज चिमूटभर खाद्य टाका आणि पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्य दिसल्यावरच मासे सोडा. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घालवणारे थेंब टाकल्याशिवाय पाणी ओतू नका. पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत. या माशांना २४ ते २८ अंश मानवतं, आणि आपल्याकडे पत्र्याखालच्या खोलीतलं पाणी सहज त्यापुढे जातं. टाकी घराच्या मधल्या खोलीत ठेवा. झाकणाऐवजी जाळी बसवून पाण्यावर छोटा पंखा सोडा. हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र पाणी उडालं तरी क्षार मागेच राहतात, म्हणून ती तूट आरओच्या पिण्याच्या पाण्याने भरा. आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी वापरू नका, ते आणखी जड असतं. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. हिवाळ्यात रात्री हीटर लागतो.

पिल्लं काढायची तर एका टाकीत एकच जात ठेवा, नाहीतर संकर होतो आणि जातीची ओळख पुसते. हिरव्या अ‍ॅक्रिलिक लोकरीचे वीतभर धागे कापून बुचाला बांधा, गरम पाण्यातून काढा आणि टाकीत तरंगत सोडा. सकाळी लवकर पाहा: नराच्या कपाळावर पट्टा चमकतो, तो मादीला लोकरीत नेतो. ते पाहण्यासाठी मी आजही चहा टाकीपाशी घेऊन बसतो. अंडी रोज थोडी थोडी पडतात, मोहरीहूनही बारीक, धाग्याला चिकटलेली. आठवड्याने तो झुबका तसाच उचलून त्याच पाण्याच्या छोट्या टाकीत ठेवा, मोठे मासे अंडी खातात. हवा मंद सोडा आणि पांढरी पडलेली अंडी काढून टाका.

अंडी पडल्यापासून सात ते दहा दिवसांत पापणीच्या केसाएवढी पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात दिसतात. तोंड इतकं लहान की नेहमीचं खाद्य जातच नाही. म्हणून लोकर टाकीत सोडतानाच एका बरणीत टाकीचं पाणी आणि कोबीचं पान घालून उजेडात ठेवा. त्यात सूक्ष्मजीव वाढतात. ते पाणी दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं ओता. दोन आठवड्यांनी ताजी उबवलेली ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) द्या. आकारात फार फरक पडला, तर मोठी पिल्लं वेगळ्या टाकीत हलवा.