पूर्वसंशोधनाचा आढावा: आधी पान नंबर

वही, लॅपटॉप, ग्रंथालयाचं कार्ड हे सांगायला नको. विषय मात्र एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण रोजगार’ हा एम.ए.च्या प्रबंधिकेचा विषय होत नाही. मी रोजगार हमी योजना घेतली होती, तीही शेवटी एका तालुक्यापुरती करावी लागली.

आता मुख्य गोष्ट. वाचताना जे टिपाल त्याच्या शेजारी लगेच पान नंबर लिहा. चहा घेऊन आल्यावर नाही, लगेच. लेखक, वर्ष, आवृत्ती, पान नंबर. मी सात महिने वाचलं, दोन जाडजूड वह्या भरल्या आणि एकाही टिपणाला पान नंबर नव्हता. जमा करायला अकरा दिवस उरले असताना गाईडनी एका अवतरणाखाली पेन्सिलीने ‘पान?’ एवढंच लिहिलं. अशी त्रेचाळीस अवतरणं होती. पुस्तकं परत गेलेली, एक तर दुसऱ्या कुणाच्या नावावर चढलेलं. मोबाइलमधले फोटो उघडले, तर नंबराचा कोपरा नेमका अंगठ्याखाली. झेरॉक्समध्ये खालची ओळच कापलेली. त्यातली नऊ अवतरणं मला शेवटपर्यंत सापडली नाहीत, ती काढून टाकावी लागली, आणि त्यांच्यावर उभा केलेला मुद्दाही गेला. म्हणून फोटो काढताना आधी प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, मग हवं ते पान, चारही कोपऱ्यांसकट. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, तेव्हा आवृत्तीही लिहा.

शोध कुठे घ्यायचा? पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मिळतात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक चाळाच. मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ या नियतकालिकांसाठी ग्रंथालयात जाऊन बसा. नुसत्या इंटरनेटवर विसंबलात तर मराठी लेखन सुटतं, आणि परीक्षक तेच विचारतात.

वाचताना वर्षं तपासा. योजना कधी सुरू झाली? कुणी १९६५ लिहितं, कारण तासगाव तालुक्यातला प्रयोग तेव्हाचा. कुणी १९७२ च्या दुष्काळापासून धरतं. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. कोण कुठून मोजतं हे टिपलं नाहीत, तर त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येणार नाहीत. टिपणात लेखकाचं वाक्य अवतरणचिन्हात, स्वतःचं मत वेगळ्या शाईत. हे मिसळलं की वाङ्मयचौर्याच्या तपासणीत अडकाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपलीकडे साम्य गेलं की कारवाई आहे. आणि पान नंबर. पुन्हा सांगते, पान नंबर.

लिहिताना ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ अशी रांग लावू नका, तो आढावा नव्हे. वादानुसार गट करा: बायकांचा सहभाग एवढा मोठा का, कामांतून टिकाऊ काही उभं राहिलं का, १९८८ मध्ये मजुरी वाढल्यावर कामं कमी का झाली. प्रत्येक गटाच्या शेवटी काय अभ्यासायचं राहिलं ते लिहा. तुमचं काम तिथून सुरू होतं.

बाकी भराभर: झोटेरो हे संदर्भ नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, फाइलची प्रत ईमेलवर ठेवा, गाईडना मसुदा अर्धवट असतानाच दाखवा. जमा करण्याच्या आदल्या दिवशी संदर्भसूची आणि मजकूर शेजारी ठेवून नावं जुळवा आणि प्रत्येक अवतरणावर बोट ठेवून पाहा, पान नंबर आहे का.