तेलाचे लिटर आणि किलो: हिशेब कसा करावा

सोलापुरात घाण्यावरचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल अनेकदा किलोने मिळते आणि पिशवीतले लिटरने, त्यामुळे भावांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही मापे एकाच एककात आणणे आवश्यक ठरते. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने एक लिटर खाद्यतेलाचे वजन हजार ग्रॅम भरत नाही, तर सुमारे 910 ग्रॅम भरते. तेलागणिक यात किरकोळ फरक पडतो, पण घरगुती हिशेबाला तो नगण्य आहे.

म्हणून लिटरला 0.91 ने गुणले की किलो मिळतात आणि किलोला 0.91 ने भागले की लिटर. पंधरा किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर तेल असते, तर पंधरा लिटरच्या डब्यात जेमतेम 13.65 किलो, म्हणून डबा घेताना त्यावर किलो लिहिले आहे की लिटर, ती ओळ वाचलीच पाहिजे, कारण दिसायला दोन्ही डबे सारखेच वाटू शकतात. भावाचा हिशेब मात्र उलटा: लिटरच्या भावाला 0.91 ने भागले की किलोचा भाव मिळतो; 182 रुपये लिटर म्हणजे 200 रुपये किलो.

पाच किलो तेल आणायला पाच लिटरचा कॅन नेऊ नये, अर्धा लिटर बाहेर राहील. उन्हाळ्यात तेल किंचित प्रसरण पावते, तेव्हा लिटरमागे काही ग्रॅम कमी भरतात; काटेकोर पाककृतीसाठी सरळ वजनकाटाच वापरावा.